चामड्यावरची झिलई

हातांनी घडवलेल्या वस्तूची ओळख बहुधा तिच्या पृष्ठभागावरून पटते. कुंभाराच्या मडक्यावर त्याच्या बोटांचे वळसे उमटलेले असतात. हातमागाच्या कापडात सूत कोठे जाड, कोठे बारीक लागते. तद्वतच हातच्या चामडी वस्तूवर कातड्याची रंध्रे, जनावराच्या अंगावरच्या बारीक सुरकुत्या, रापीने तासलेली कडा आणि वादीचे टाके दिसावयास हवेत. पुष्कळदा मात्र अशा वस्तूवर काचेसारखी झिलई चढवलेली असते आणि तिच्याखाली या साऱ्या खुणा बुजून जातात. ही झिलई उतरवता येते काय, येत असल्यास कशी उतरवावी, आणि मुळात ती उतरवावी काय, अशा तीन प्रश्नांचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे प्रश्न विशेष जवळचे आहेत. दिल्लीच्या नैऋत्येस रामकृष्णपुरम नावाची एक विस्तीर्ण वसाहत आहे; आर. के. पुरम या आद्याक्षरांनीच ती सर्वांना ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी ती वसवण्यात आली, आणि देशाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या मंडळींबरोबर मराठी मंडळीही तेथे राहत आली. तेथून थोड्याच अंतरावर, १९९४ साली सुरू झालेल्या दिल्ली हाटमध्ये, निरनिराळ्या प्रांतांतले कारागीर पाळीपाळीने आपला माल घेऊन बसतात. गावाची आठवण म्हणून तेथे कोल्हापुरी वहाणांचा जोड घ्यावा, एखादी चामडी पिशवी घ्यावी, हा मोह मराठी माणसाला न झाला तरच नवल. या वसाहतीचा आणि हस्तव्यवसायांचा आणखीही एक संबंध आहे. सरकारच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांच्या कार्यालयाचा पत्ता दीर्घकाळ ‘वेस्ट ब्लॉक क्रमांक ७, आर. के. पुरम’ असाच कागदोपत्री लिहिला जात असे. देशभरच्या कारागिरांचे अर्ज ज्या वसाहतीत येत, तेथल्याच घरात आणलेल्या वहाणेवर कारागिराचा हात दिसू नये, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

झिलई उतरवण्यापूर्वी चामडे म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. जनावराचे कातडे मुख्यत्वे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेले असते. ते तसेच ठेवले तर कुजते, आणि वाळवले तर लाकडासारखे ताठ होते. कातडी कमावणे म्हणजे या तंतूंना टिकाऊपणा देणे. कोल्हापूरकडील जुन्या रीतीत चुन्याच्या पाण्याने केस सोडवल्यावर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात कातडे मुरवीत. कातड्याचीच पिशवी शिवून, तीत हा काढा भरून ती टांगून ठेवण्याचीही पद्धत होती. सालीतील तुरट द्रव्य, ज्याला टॅनिन म्हणतात, ते सावकाश तंतूंत शिरते आणि त्यांना घट्ट धरून ठेवते. या कामास कित्येक आठवडे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमावण्याची त्वरेची रीत निघाली, आणि आज जगातील बहुतेक चामडे त्या रीतीने तयार होते. खरी कोल्हापुरी वहाण मात्र वनस्पतींच्या काढ्यात कमावलेल्या चामड्याची असते.

अशा चामड्याला स्वतःची मंद तकाकी असतेच. वापराने, उन्हाने व तेलाने ते तांबूस, पुढे गडद होत जाते आणि पायाच्या घर्षणाने गुळगुळीत होते. ही तकाकी चामड्याच्या अंगची आहे. ती काढण्याचे कारण नाही आणि काढू म्हटले तरी ती निघणार नाही. आपला प्रश्न आहे तो वरून चढवलेल्या थराचा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चकाकी ही पदार्थापेक्षाही पृष्ठभागाच्या सपाटपणावर अवलंबून असते. आरशासारख्या सपाट पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परततो, म्हणून तो पृष्ठभाग चमकतो. खडबडीत पृष्ठभागावरून तोच प्रकाश चोहीकडे विखुरतो, म्हणून तो मंद दिसतो. चामड्याची रंध्रे व सुरकुत्या प्रकाश विखुरतात. त्यांच्यावर एखादे पातळ रोगण पसरले की खळगे भरून येतात, पृष्ठभाग सपाट होतो आणि चामडे काचेसारखे दिसू लागते. यातून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. चकाकी घालवावयाची असेल तर दर वेळी सगळा थर काढलाच पाहिजे असे नाही. कित्येकदा त्याचा सपाटपणा किंचित मोडला तरी भागते.

आता हा थर कशाकशाचा असू शकतो ते पाहू. पहिला प्रकार मेणाचा. मधमाश्यांचे मेण, कार्नोबा नावाच्या ताडाच्या जातीच्या झाडाचे मेण किंवा खनिज मेण यांची पॉलिशे चामड्यावर घासून चढवतात. दुसरा प्रकार प्रथिनांचा. यात दुधातील केसीन किंवा अंड्यातील पांढरा बलक यांचा हात देऊन तो घोटतात. तिसरा प्रकार लाखेचा. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवरील कीटकांपासून मिळणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवली की लाकूडकामात आपल्या ओळखीचे फ्रेंच पॉलिश तयार होते. तेच चामड्यावरही लावता येते. चौथा प्रकार सेल्युलोजपासून केलेल्या रोगणाचा. पाचवा, आणि आज सर्वांत अधिक आढळणारा, प्लॅस्टिकच्या जातीच्या द्रव्यांचा; त्यात अ‍ॅक्रिलिक व पॉलियुरेथेन ही दोन मुख्य. पेटंट लेदर म्हणून ओळखले जाणारे आरशासारखे चामडे हे याचेच टोक होय. एकोणिसाव्या शतकात ते जवसाच्या तेलाचे थरावर थर देऊन करीत. आज त्या जागी प्लॅस्टिकचा जाड थर असतो.

रोग ओळखल्याखेरीज औषध देऊ नये, हा वैद्यांचा नियम येथेही लागू आहे. वस्तूची एखादी झाकलेली जागा निवडावी. वहाण असेल तर पट्ट्याची आतली बाजू, पिशवी असेल तर झाकणाच्या खालची कड. तेथे प्रथम पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो लगेच मुरला व डाग गडद झाला, तर वर थर नाही किंवा अगदी पातळ आहे. थेंब मोत्यासारखा उभा राहिला, तर थर आहे. पाण्याने थर मऊ व चिकट होऊ लागला, तर तो प्रथिनांचा असण्याचा संभव आहे. मग नखाने हळूच ओरखडा काढावा. पांढरट रेघ उठून नखाला चिकट भुकटी लागली, तर ते मेण होय. त्यानंतर पांढऱ्या सुती चिंधीला स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती जागा पुसावी. थर चिकट होऊन चिंधीवर आला, तर बहुधा लाख आहे. स्पिरिटचा परिणाम न झाल्यास अ‍ॅसिटोनने तोच प्रयोग करावा. त्याने थर विरघळला, तर सेल्युलोजचे रोगण किंवा अ‍ॅक्रिलिक आहे असे समजावे. अ‍ॅसिटोननेही तो विरघळला नाही, केवळ फुगल्यासारखा झाला, तर ते पक्के पॉलियुरेथेन असण्याचा संभव अधिक. प्रत्येक प्रयोगानंतर जागा पूर्ण वाळू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी उजेडात पाहावी. कारण ओले चामडे नेहमीच फसवे दिसते.

या परीक्षेत चिंधीकडे विशेष लक्ष असावे. थराबरोबर चिंधीवर तांबडा किंवा काळा रंगही उतरू लागला, तर तेथेच थांबावे. चामड्याचे पुष्कळ रंग स्पिरिटमध्येच कालवलेले असतात आणि स्पिरिटनेच निघतात. अशा वस्तूची झिलई काढू गेल्यास रंगही जातो, आणि तो ठिकठिकाणी कमीअधिक जाऊन वस्तू चट्ट्यापट्ट्यांची होते.

थर ओळखू आला आणि रंग पक्का ठरला, म्हणजे कामास हात घालावा. आधी मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. धूळ राहिली तर तीच कानशीसारखी काम करते. मेण असेल तर मऊ चिंधी टर्पेंटाइनने ओलसर करावी, चिंब करू नये, आणि हलक्या हाताने पुसून चिंधी वरचेवर बदलावी. मळलेल्या चिंधीने पुसणे म्हणजे काढलेले मेण पुन्हा पसरणे होय. लाखेस स्पिरिट चालते. मात्र एका वेळी दोन बोटांएवढीच जागा घ्यावी, क्षणभर थर सैल होऊ द्यावा आणि एकाच दिशेने उचलून घ्यावा. गोल गोल घासल्याने विरघळलेली लाख रंध्रांत जाऊन बसते. सेल्युलोजच्या रोगणास व अ‍ॅक्रिलिकला अ‍ॅसिटोन लागतो. तो फार लवकर उडतो, म्हणून काम झटपट व्हावे लागते, आणि एकाच जागी तीनचार वेळांहून अधिक पुसू नये. प्रथिनांच्या थरास किंचित ओलसर फडके पुरते.

पॉलियुरेथेनचा पक्का थर मात्र विरघळत नाही. त्याचे रेणू एकमेकांना जाळीसारखे बांधलेले असतात. तो काढण्याच्या नादात तीव्र द्रावणे वापरली तर थर जागच्या जागी राहतो आणि खालचे चामडे बिघडते. अशा वेळी वर सांगितलेला सपाटपणाचा नियम उपयोगी पडतो. हजार क्रमांकाच्या किंवा त्याहून बारीक पॉलिशकागदाने अगदी हलका हात फिरवला तर काचेची चमक जाऊन मंद, रेशमी छटा येते. चामड्यासाठी मिळणारे मॅट रोगण लावणे हाही एक मार्ग आहे. त्यातील सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात व डोळ्याला थर मंद दिसतो. पेटंट लेदरच्या बाबतीत मात्र यांतले काहीही न करणेच शहाणपणाचे. तेथे थर हीच वस्तू आहे.

अ‍ॅसिटोन व टर्पेंटाइन यांविषयी एक इशारा द्यावयास हवा. अ‍ॅसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळतो आणि त्याची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते. सरकारी निवासांतल्या आटोपशीर घरांत स्वयंपाकघर व बसण्याची खोली यांत अंतर ते किती! दूरच्या शेगडीपर्यंत ती वाफ पोहोचून पेट घेऊ शकते. हे काम उघड्या गच्चीवर किंवा सज्जात, सावलीत, विस्तवापासून दूर आणि मुलांना जवळ येऊ न देता करावे. हातांत मोजे असावेत. वापरलेल्या चिंध्या घरात गोळा करून ठेवू नयेत. उघड्यावर पसरून वाळू द्याव्यात.

घरगुती उपायांपैकी काही उपाय चामड्याचे शत्रू आहेत. भांडी घासण्याची लोखंडी जाळी काढ्यात कमावलेल्या चामड्यास कधीही लावू नये. टॅनिन आणि लोखंड यांचा ओलाव्यात संयोग झाला की निळसर काळा डाग पडतो. पूर्वी शाई करीत ती याच संयोगातून. अर्थात जाळीचा एखादा कण रंध्रात अडकला, तर पहिल्याच पावसात वहाणेवर शाईचा ठिपका उमटतो, आणि तो जात नाही. दुसरा शत्रू सोडा. हे चामडे स्वभावतः किंचित आम्ल असते. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा किंवा कपड्यांचा साबण यांच्या क्षारधर्माने ते काळवंडते व पुढे ठिसूळ होते. तिसरा शत्रू उष्णता. काढ्यात कमावलेले चामडे ओले असता साधारणपणे ७० ते ८५ अंश उष्णतेला आकसते, आणि एकदा आकसलेले तंतू पूर्ववत होत नाहीत. म्हणून ओली वस्तू हीटरपुढे किंवा कडक उन्हात वाळवू नये.

झिलई उतरल्यानंतर काम निम्मेच झालेले असते. ज्या द्रावणाने थर विरघळला, त्यानेच चामड्यातील तेलही ओढून घेतलेले असते. वस्तू एक दिवस सावलीत ठेवावी आणि मग तिला तेल द्यावे. नव्या वहाणांना तेल पाजण्याची रीत महाराष्ट्रात जुनीच आहे. एरंडेल यासाठी चांगले, कारण ते हवेने वाळून कडक होत नाही. जवसाचे तेल कधीही लावू नये. ते वाळून त्याचा कडक पापुद्रा धरतो, आणि ज्या झिलईपासून सुटका करून घेतली तिचीच नवी आवृत्ती तयार होते. खोबरेल कोकणात ठीक आहे. परंतु ते सुमारे २४ अंशांखाली थिजते. दिल्लीतल्या पौष माघाच्या थंडीत खोबरेल लावलेल्या पट्ट्यावर पांढुरकी साय दिसू लागली, तर ती बुरशी नसून थिजलेले तेल असण्याचा संभव आहे. तेल कोणतेही असो, तळहातावर चार थेंब घेऊन चोळावे, एक दिवस मुरू द्यावे, आणि गरज वाटली तरच दुसरा हात द्यावा. चामड्यात शिरलेले जादा तेल परत काढता येत नाही, आणि तेलाने रंग गडद होतो तो कायमचाच.

थर काढलेल्या चामड्याला हवामानही अधिक जाणवते, हे पत्करूनच काम करावे. वैशाख ज्येष्ठातल्या दिल्लीच्या लू नावाच्या वाऱ्याने ते कोरडे पडते, म्हणून त्याआधी तेलाचा हात हवा. श्रावण भाद्रपदात हवेतील दमटपणामुळे त्यावर बुरशी येऊ शकते, म्हणून ते बंद पेटीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता हवेशीर फळीवर ठेवावे. झिलईचा एक लाभ होताच, तो हा की ती पाणी व डाग बाहेर ठेवीत असे. तो लाभ सोडून आपण दुसरा लाभ घेत असतो. चामड्यातून घामाची वाफ बाहेर पडू लागते, पट्टा पायाच्या आकारास सहज वळतो, आणि वाकलेल्या जागी थर तडकून पापुद्रे सुटण्याचा प्रकार थांबतो.

एवढे सगळे करावे कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर थोडे मागे जाऊन द्यावे लागेल. कातडी कमावण्याचे काम आपल्याकडे ढोर समाजाने आणि वहाणा शिवण्याचे काम चर्मकार समाजाने पिढ्यानुपिढ्या केले. चुन्याचा व कातड्याचा वास सहन करून ज्यांनी हे कसब जपले, त्यांनाच समाजाने अस्पृश्य ठरवले. वहाण सर्वांना हवी होती. ती घडवणारा हात मात्र कोणास नको होता. जी वस्तू कशी झाली हे पाहावयाचे नसते, तिच्यावर जाड झिलई सोयीची पडते. ग्राहक चकचकीत माल उचलतो म्हणून दुकानदार तसा मागतो, दुकानदार मागतो म्हणून कारागीर रोगणाचा डबा उघडतो, आणि हिरड्याच्या काढ्यात आठवडेच्या आठवडे मुरवलेले चामडे शेवटी पाव तासाच्या थराखाली झाकले जाते. मग त्याच्या शेजारी ठेवलेली कृत्रिम चामड्याची, साच्यातून निघालेली वहाण त्याच्यासारखीच दिसते, आणि निम्म्या किमतीत विकली जाते. झिलईचा खरा तोटा हा आहे. खऱ्याची खूण ती पुसून टाकते, आणि त्यासरशी खऱ्याची किंमतही पडते.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर, ज्याचे आजचे नाव विजयपुरा, अशा आठ जिल्ह्यांच्या कारागिरांचा हा सामाईक हक्क आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात याच घाटाच्या वहाणा मूळ न सांगता मांडल्या, तेव्हा महाराष्ट्रात मोठी नाराजी उमटली, आणि कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. कारागिराचे नाव झाकले गेले याचा आपल्याला राग आला, तो योग्यच होता. परंतु त्याच कारागिराचा हात रोगणाखाली झाकला जातो, तेव्हा ती झाकण आपल्याच पसंतीने पडलेली असते, याचाही विचार व्हावा.

म्हणून शेवटी सांगावयाचे ते एवढेच. घरी असलेली वस्तू जुनी, वडीलधाऱ्यांची किंवा नक्षीदार व हाताने रंगवलेली असेल, तर तिला हात लावू नये. तिची झिलईही आता तिच्या इतिहासाचा भाग झाली आहे. वस्तू नवी व साधी असेल, तर वर सांगितलेल्या क्रमाने, लपलेल्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, सावकाश काम करावे. आणि पुढची खरेदी करताना कारागिराला आधीच सांगावे की आम्हाला रोगण नको, नुसते तेल दिलेला जोड हवा. त्याला हे सांगणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटते. रोगणाचा खर्च वाचतो, ग्राहकाचे श्रम वाचतात, आणि तळाला कोणते चामडे वापरले, टाके किती जवळ घातले, वेणी किती बारीक विणली, हे उजेडात धरून दाखवताना त्या कारागिराला आपल्या कामाचे मोल स्वतःच्या तोंडाने सांगण्याची संधी मिळते.